'शरीराचे पुनरुत्थान' म्हणताना

माणूस गेला की वॉर्डात पहिल्या तासाभरात उरकायचं काम ठरलेलं असतं. डोळे मिटायचे, पापण्या राहत नसतील तर त्यांवर ओला कापूस ठेवायचा. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारायची, म्हणजे तोंड उघडं राहत नाही. हे सगळ्यात आधी, कारण ताठरपणा पापण्यांत आणि जबड्यात लवकर शिरतो. दोन-चार तास गेले की मग काही करता येत नाही. नळ्या, सुया काढायच्या, अंग पुसायचं, कापूस भरायचा, पायांचे अंगठे एकत्र बांधायचे, मनगटाला नाव-वय-तारखेची चिठ्ठी लावायची. आमच्या शिक्षणात याला 'लास्ट ऑफिस' म्हणत. मी पुण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नर्स होते, बरीचशी नोकरी अतिदक्षता विभागात गेली. हे काम इतकं केलंय की हात आपोआप चालतात.

आणि दर रविवारी उपासनेत उभी राहून, सगळ्यांबरोबर, मी मतांगीकार म्हणते, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ठरलेली कबुली. त्याच्या शेवटी येतं, 'पापांची क्षमा, शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन'. शरीराचे. आत्म्याचं असतं तर मला फारशी अडचण आली नसती. आत्मा मी पाहिलेला नाही. त्याच्याबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी माझ्याकडे उलट पुरावा नाही. शरीराबद्दल मात्र भरपूर आहे.

आमचं मूळ घर नगर जिल्ह्यातलं, आता ज्याला अहिल्यानगर म्हणायचं. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 साली ठाणं केलं आणि पुढच्या काही दशकांत गावकुसाबाहेरची घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. त्यांतलं एक आमचं. आजी बायबलबाई होती. गावोगाव पायी जायची, बायकांमध्ये बसून शुभवर्तमान वाचून दाखवायची, गाणी म्हणायची, जमेल तिला अक्षरं शिकवायची. तिच्या तोंडून पुनरुत्थानाची गोष्ट ऐकताना मला देहाबिहाचा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिचा जोर भलतीकडेच असायचा. बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं. आजी एवढं सांगून थांबायची आणि समोरच्या बायकांकडे बघायची. वेशीबाहेर म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून द्यावं लागत नव्हतं. मग म्हणायची, "ज्याला गावानं वेशीबाहेर नेऊन मारलं, देवानं त्यालाच उठवलं. आतल्या कोणाला नाही."

तिच्या लेखी ईस्टर म्हणजे एका खटल्याचा निकाल होता आणि त्यात गाव हरलं होतं. मेलेल्या पेशी परत कशा चालू होतात, हे तिला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. पुढे मला नर्सिंगला घातलं आणि माझ्या मनात आलं.

शंका म्हणजे मोठं वादळबिदळ नव्हतं. नाइट ड्यूटीला पहाटे तीनच्या सुमाराला यायची, चहाबरोबर. वॉर्ड शांत असायचा, मॉनिटरचा आवाज तेवढा, आणि कुठल्यातरी खाटेवरचं काम नुकतंच उरकलेलं. मी स्वतःशी सरळ विचारायचे: हे जे मी आत्ता गुंडाळून खाली पाठवलं, ते उठणार आहे असं मला खरंच वाटतं का? बहुतेक वेळा उत्तर यायचं, नाही वाटत. सकाळी ड्यूटी संपवून, बस पकडून, घरी येऊन जेवणाआधी प्रार्थनाही म्हणायचे. दोन्ही चालू होतं.

एकदा गावाकडून औषध प्यायलेला तरुण मुलगा आणला. औषध म्हणजे फवारणीचं. पंपिंग करून करून आम्हा दोघींचे हात भरून आले. डॉक्टरांनी वेळ सांगितली, मी ती लिहिली. बाहेर त्याची आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "सिस्टर, उठंल ना?" तिनं विचारलं. रविवारी मी काय म्हणते ते त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते पुढच्या रविवारी, मतांगीकाराच्या त्या ओळीला, आणि माझा आवाज बंद पडला. शेजारच्या पाळकबाई म्हणत राहिल्या, मागच्या बाकांवरची पोरं म्हणत राहिली, ओळ पुरी झाली. माझ्यावाचून झाली. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं वाटलं होतं. आता त्या प्रसंगाकडे मी निराळ्या नजरेनं पाहते, पण ते पुढे.

तेव्हाच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "शंका सैतानाकडून असते, सिस्टर. प्रार्थनेत राहा." मी प्रार्थनेत होतेच, शंकाही तिथेच होती. त्यांच्यानंतर आलेले पाळक वाचणारे होते. त्यांनी पुस्तकं दिली, बरीचशी इंग्रजी, आणि मी ती परीक्षेला बसल्यासारखी वाचली. त्यांतले मुद्दे खरोखर कच्चे नाहीत. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इसवी सन 55 च्या आसपास, म्हणजे घटनेला जेमतेम पंचवीसएक वर्षं होत होती. त्यात तो लिहितो की उठलेला ख्रिस्त एकाच वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा. कबर रिकामी असल्याचं प्रथम बायकांनी सांगितलं. ज्या काळात बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती त्या काळात कोणी खोटी गोष्ट रचली असती तर साक्षीला बायका कशाला उभ्या केल्या असत्या? वधस्तंभावर मारलेल्यांना नीट पुरूच देत नसत, असाही एक आक्षेप असतो. त्यावर 1968 मध्ये येरुशलेमजवळच्या एका कबरीत सापडलेलं टाचेचं हाड दाखवतात. अस्थिपेटीत ठेवलेलं, सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा खिळा अजून आरपार. टोक वाकलं म्हणून खिळा निघाला नसावा, आणि घरच्यांनी तो तसाच ठेवला. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या एका माणसाला तरी घरच्यांच्या हातची कबर मिळाली होती. त्या हाडाचा फोटो मी बराच वेळ पाहत बसले होते.

हे सगळं मला दुपारी पटायचं. पहाटे तीनला पटायचं नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना नाइट ड्यूटी नसावी.

एक मुद्दा तर मला दुपारीही पटला नाही. चार शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूच्या चरित्रांत, कबरीवरच्या सकाळचे तपशील जुळत नाहीत. कोण कोण गेल्या, देवदूत एक की दोन, बायकांनी जाऊन सांगितलं की गप्प राहिल्या. पुस्तकं म्हणतात, हीच खरेपणाची खूण, कारण पढवलेले साक्षीदार एकसारखं बोलतात. असेलही. पण आमच्याकडे एका मृत्यूवर चार सिस्टरांच्या चार नोंदी जुळल्या नाहीत तर त्याला खरेपणाची खूण म्हणत नाहीत, चौकशी लावतात.

माझा भाचा, भावाचा मुलगा, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना जातो. दाभोलकरांचा खून झाला तेव्हा तो कॉलेजात होता. तेव्हापासून जास्तच जायला लागला. माझ्याशी वाद घालायला त्याला आवडतं आणि मलाही आवडतं, कारण तो मला सांभाळून घेत नाही. एकदा म्हणाला, "आत्या, उद्या एखादा बाबा म्हणाला की मी मेलेल्याला उठवतो, तर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करायला तू पहिली धावशील. मग दोन हजार वर्षांपूर्वीचं असलं की चालतं का?"

धावेन, हे खरं आहे. आमच्या वॉर्डात एक बाई बेशुद्ध येऊन पडली होती. प्रार्थनेनं बरं करतो म्हणणाऱ्या कुठल्याशा आरोग्यसभेत स्टेजवरून तिला 'तू बरी झालीस' म्हणून सांगितलं होतं आणि तिनं इन्सुलिन बंद केलं होतं. ती वाचली ती इन्सुलिननेच. शुद्धीवर आल्यावर देवाची स्तुती करू लागली, मीही तिच्याबरोबर केली, आणि मग तिच्या सुनेला बाजूला घेऊन चांगली झापली. असल्या सभांबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आताही आहे. तिथे जखम पुसून टाकायचं आश्वासन मिळतं. योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला येशू थोमा नावाच्या संशयी शिष्याला हातांवरच्या खुणा दाखवतो आणि कुशीत हात घाल म्हणतो. जखमा आहेत तशा आहेत. मृत्यू झालाच नाही, अशी ती गोष्ट नाही. तो पुरता झाला, अंगावर नोंदला गेला, आणि त्यानंतर काहीतरी झालं. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "फरक लक्षात आला, आत्या. पण फरक म्हणजे पुरावा नाही." बरोबर बोलला.

पुस्तकं बाजूला ठेवून मग मी नुसती शुभवर्तमानं वाचायला घेतली, हातात आलेला केसपेपर वाचावा तशी. आणि तिथे मला माझ्या ओळखीची माणसं भेटायला लागली.

पहिली मार्था. येशूने मेल्यावर उठवलेल्या लाजराची बहीण. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू तिला विचारतो, मी पुनरुत्थान व जीवन आहे यावर तुझा विश्वास आहे का? ती म्हणते, होय प्रभू, आपण देवाचे पुत्र आहात असा माझा विश्वास आहे. सत्ताविसावं वचन. मग ती मंडळी कबरीपाशी जातात, येशू धोंड काढायला सांगतो, आणि हीच मार्था एकोणचाळिसाव्या वचनात म्हणते की आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. बारा वचनांचं अंतर. पॅलेस्टाइनच्या हवेत चौथ्या दिवशी काय अवस्था असते ते मला सांगायला नको, आणि मार्थालाही सांगायला नको होतं. तिची कबुली खोटी नव्हती आणि तिचं नाकही खोटं नव्हतं. येशूने तिला रागावून परत पाठवलं नाही. 'तू विश्वास धरलास तर देवाचा गौरव पाहशील' याची आठवण दिली आणि लोकांनी धोंड काढली. संडे स्कूलमध्ये आम्हाला सत्ताविसावं वचन पाठ करायला लावायचे. एकोणचाळिसावं कोणी लावलं नाही.

मग मत्तयाचा अगदी शेवट. अकरा शिष्य गालीलात डोंगरावर जातात, उठलेला ख्रिस्त समोर उभा आहे, ते नमन करतात. आणि त्याच वचनात पुढे येतं की कित्येकांना संशय वाटला. समोर पाहून! मी तर दोन हजार वर्षं आणि एक अरबी समुद्र अलीकडे होते. त्या संशयी लोकांना वेगळं काढलेलं नाही. जा आणि सर्व राष्ट्रांना शिष्य करा ही आज्ञा त्यांनाही त्याच दमात मिळाली. म्हणजे आमच्या आजीपर्यंत जे पोचलं ते पहिल्या टप्प्यात काही शंकेखोर हातांतूनच निघालं होतं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी त्या बायकांपाशी थांबले. त्या रविवारी पहाटे कशाला गेल्या होत्या? पुनरुत्थान बघायला नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागत होता, घाईघाईत पुरलं होतं, नीट काही झालं नव्हतं, म्हणून सुगंधी द्रव्यं घेऊन उरलेलं काम करायला निघाल्या होत्या. लास्ट ऑफिस अर्धवट राहिलं होतं. योहान तर सांगतो की पुरायला मदत करणाऱ्या निकदेमाने आदल्याच वेळी गंधरस आणि अगरू मिळून शंभर रोमन पौंड, म्हणजे सुमारे 33 किलो आणलं होतं. मग बायकांनी परत कशाला आणलं, असा प्रश्न पंडित लोक विचारतात. मला पडला नाही. संध्याकाळच्या पाळीनं केलंय म्हणून सांगितलं तरी सकाळची सिस्टर स्वतः बघितल्याशिवाय राहत नाही. आणि कबरीच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील, हे त्या वाटेत एकमेकींना विचारताहेत! घरून निघण्याआधी विचारायला नको होतं? पण असंच होतं. पुढच्या अडचणीचं उत्तर हातात नसताना माणूस निघतो, कारण समोर काम असतं.

त्या बायकांच्या मनात त्या सकाळी कितीसा विश्वास होता? मार्क म्हणतो त्या घाबरून पळाल्या. लूक म्हणतो, त्यांनी येऊन सांगितलं ते शिष्यांना वायफळ वाटलं. लूक वैद्य होता असं पौल म्हणतो. डॉक्टरांच्या राउंडला सिस्टरचं म्हणणं कसं ऐकतात याचा अनुभव त्याला असणार. विश्वास पक्का करून मग कामाला निघायचं, हा क्रम माझ्या डोक्यात होता. त्या गोष्टीत मला तो कुठे सापडेना. बायका मेलेल्याचं काम करायला गेल्या आणि जे काही झालं ते काम हातात असताना झालं. मला एवढं कळलं की शंका मिटेपर्यंत थांबून राहायची मला गरज नाही. शंका मिटली, असं मात्र नाही.

2020 साली ईस्टर 12 एप्रिलला होता. चर्च बंद, उपासना मोबाइलवर. पाळकसाहेब रिकाम्या बाकांपुढे 'ख्रिस्त उठला आहे' म्हणाले आणि आम्ही आपापल्या स्वयंपाकघरातून 'खरोखर उठला आहे' म्हणालो, ज्याच्या त्याच्या नेटवर्कप्रमाणे मागेपुढे. पुढच्या वर्षी, 4 एप्रिलला, ईस्टरच्याच रविवारी राज्य मंत्रिमंडळाने परत निर्बंध जाहीर केले. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. त्या काळात आम्हाला लास्ट ऑफिस असं काही करता येत नव्हतं. गळती न होणारी पिशवी, चेन, वरून हायपोक्लोराइट, चिठ्ठी. हनुवटीची पट्टी बांधायला वेळ नव्हता आणि मुभाही फारशी नव्हती. मला वाटलं होतं की इतक्या मृत्यूंखाली माझा उरलासुरला विश्वास चिरडला जाईल. तसं झालं नाही, पण तो उजळूनही निघाला नाही. राग आला. हातांखालून माणसं नीट न आवरता जाताहेत, याचा. देह म्हणजे नुसतं टाकून द्यायचं आवरण असेल तर पिशवीत काय वाईट होतं? मला ते वाईट वाटत होतं, आणि माझ्याबरोबरच्या हिंदू, मुसलमान, बौद्ध सिस्टरांनाही वाटत होतं. 'शरीराचे' या शब्दाशी मी इतकी वर्षं भांडत होते. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मला तो हवासा वाटला. देवाला शरीराची किंमत आहे असं कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. त्यातून काही सिद्ध होत नाही, हे भाच्याच्या आधी मीच सांगते.

आई फेब्रुवारी 2022 मध्ये गेली. घरी, झोपेत, पिकलं पान. शेवटचं सगळं मी केलं, भावजय हाताशी होती. हनुवटीला आईच्याच जुन्या सुती लुगड्याची पट्टी बांधली. तेव्हा मनात काहीही मोठं आलं नाही; पट्टी नीट बसतेय ना, एवढंच.

पुण्यात दफनभूमीत नवी जागा मिळणं फार अवघड झालंय. ठरावीक वर्षं उलटली असतील तर घरच्याच कबरीत पुढच्याला ठेवायला परवानगी मिळते. वडिलांची कबर उघडायचं ठरलं. सकाळी तिथून भावाला फोन आला, येऊन बघून घ्या. भाऊ, भाचा आणि मी गेलो. खड्ड्याशेजारी कापडावर वडील काढून ठेवले होते. हाडं तपकिरी, हलकी, अपेक्षेपेक्षा कमी. आणि त्यांच्यात एक स्टीलची प्लेट, स्क्रूंसकट. वडील मोरीत पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. त्या जखमेचं ड्रेसिंग मीच करायचे. प्लेट पुसली असती तर चकाकली असती. भाऊ बाजूला जाऊन उभा राहिला. खणणाऱ्या माणसानं अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, हे लोखंड ठेवायचं का काढायचं?"

"ठेवा," मी म्हटलं.

परत येताना भाचा हळूच म्हणाला, "आत्या, उठताना आजोबांना प्लेट लागेल का गं?" आणि आम्ही दोघं हसलो. नको तितकं हसलो. वडील असते तर तेही हसले असते. पण प्रश्न थट्टेचा नव्हता, आणि नवाही नव्हता. करिंथच्या मंडळीत कोणीतरी हेच विचारलं होतं: मेलेले कसे उठवले जातात, कोणत्या शरीराने येतात? पौल त्याला आधी 'अरे मूर्खा' म्हणतो आणि मग त्याच मूर्खाला उत्तर देत पानभर लिहीत सुटतो. पेरतोस ते दाणा असतं, पुढे उगवणारं शरीर नव्हे; दाणा मेल्याशिवाय ते जिवंत होत नाही. बाजरी पेरणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीला हे कळतं आणि कळतही नाही. दाण्याचं कणीस होताना मी पाहिलंय. कापडावरच्या त्या हाडांतून काय उगवेल, याची मला कल्पनासुद्धा करता येत नाही. भाच्याला म्हटलं, "प्लेट लागणार नाही."

"कशावरून?"

"कशावरूनही नाही."

दुपारी दफनविधी झाला. वडिलांची हाडं कापडात बांधून कडेला ठेवली होती, आईची पेटी शेजारी उतरवली. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. मग मतांगीकार. भाऊ माझ्या शेजारी उभा होता. आमच्या घरात ज्याला कधी शंका आल्याचं मी ऐकलं नाही तो हा. 'शरीराचे'पाशी त्याचा आवाज बंद पडला. त्यानं सकाळी काय पाहिलं होतं ते मला माहीत होतं. मी म्हणत राहिले. जरा मोठ्यानंच म्हटलं, त्याच्या वाटचंही. त्या क्षणी माझी खात्री पटली होती म्हणून नव्हे. कोणीतरी ती ओळ म्हणायची होती आणि त्या दिवशी माझा घसा चालत होता. पाळकबाई आणि मागच्या बाकांवरची पोरं माझ्यासाठी काय करून गेली होती, ते मला तेव्हा कळलं.

निवृत्तीनंतर आमच्या मंडळीत कोणी गेलं की मला फोन येतो. मी जाते. आधी डॉक्टरांचा दाखला झालाय का बघते, फ्रीझर पेटी मागवायची का ठरवते, मग पट्टी, कापूस, कोमट पाणी. महिला मंडळातल्या दोन तरुण मुलींना शिकवलंय. एकीचे हात आधी फार थरथरायचे. घरच्यांना सांगायच्या वाक्यांपैकी काही मी त्या मुलींना बंद केली आहेत. 'देवाला आवडला म्हणून नेला' हे पहिलं. 'रडू नका, तो चांगल्या ठिकाणी आहे' हे दुसरं. येशू लाजराच्या कबरीपाशी रडला, आणि पुढच्या घटकेला त्याला उठवणार होता तरी रडला. मग आपण कोण रडू नका म्हणणारे? तरुण संघाच्या एका बैठकीत मी माझ्या शंकेबद्दल उघड बोलले, तर एका मुलाच्या आईनं पाळकसाहेबांकडे तक्रार केली. मुलगा मात्र त्यानंतर घरी यायला लागला. त्याला उत्तरं देत नाही, माझ्याकडे नाहीत. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या बापाची प्रार्थना आम्ही म्हणतो, विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, तो घालवायला मदत कर, अशी. मग चहा.

पहाटे तीनला अजून जाग येते. पूर्वी ड्यूटी असायची, आता नुसती शंका.

ईस्टरला आमची मंडळी सूर्योदयाच्या आधी दफनभूमीत जमते. कबरींवर फुलं, मेणबत्त्या, थोडी गाणी, एक वाचन, मग बाहेर चहा आणि बन. 2025 चा ईस्टर 20 एप्रिलला होता आणि वाचन माझ्याकडे होतं, मार्काचा सोळावा अध्याय. मी पाळकसाहेबांना म्हटलं, आठव्या वचनाला थांबते. मार्काची सगळ्यात जुनी जी पूर्ण हस्तलिखितं आहेत, चौथ्या शतकातली, ती तिथेच थांबतात: बायका थरथरत पळून जातात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. पाळकसाहेबांना हस्तलिखितांचं ठाऊक होतं, पण ते म्हणाले, "सिस्टर, लोक सणाला येतात. भिऊन पळालेल्या बायकांवर कसं थांबायचं?" मी म्हटलं, लोक दफनभूमीत उभे असतात, त्यांतले निम्मे भ्यालेलेच असतात. बरीच घासाघीस झाली. शेवटी तोड निघाली: मी आठपर्यंत वाचायचं, मग एक गाणं, मग नवव्यापासून तरुण संघातल्या मुलानं.

मी आठव्याला थांबले. गाणं सुरू व्हायला जरा वेळ लागला, पेटीवाल्याला पान सापडत नव्हतं. पुढच्या रांगेतले एक वयस्कर काका वाकून म्हणाले, "काय झालं, सिस्टर? चष्मा विसरलात का?"

"नाही काका," मी म्हटलं, "माझं एवढंच होतं."